स्नायुक्षयाचा रुग्ण आणि भूल

आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. शस्त्रक्रियेसाठी मदत मागणाऱ्या अर्जात सर्जनचे नाव असते, रुग्णालयाचे असते, खर्चाचा अंदाज तर असतोच. परंतु भूल कोण देणार, कशा प्रकारची देणार आणि रुग्णास आधीपासून कोणता आजार आहे, याविषयी बहुधा एक ओळही नसते. ह्यात अर्जदाराचा दोष नाही, कारण आमच्या छापील अर्जातच तसा रकाना नाही. भूल म्हणजे रुग्णाला झोपवण्याचे एक इंजेक्शन, खरे काम त्यापुढचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही तशीच होती. ती एका रात्रीत कशी मोडली ते सांगावे, आणि त्या निमित्ताने थोडी शास्त्रीय माहिती वाचकांपुढे ठेवावी, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा वाचकांनी ह्यात उपचार शोधू नयेत. डॉक्टरांशी काय बोलावे, एवढे कळले तरी लेखाचे काम झाले.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला डुशेन नावाचा स्नायुक्षय आहे. सातव्या वर्षी निदान झाले. अकराव्या वर्षी एका संध्याकाळी तो अंगणात पडला आणि मांडीचे हाड मोडले. आम्ही त्याला जवळच्या एका लहान इस्पितळात नेले. हाड त्याच रात्री बसवावयाचे ठरले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, "आधीचा काही आजार?"

दुलाभाई म्हणाले, "तसे काही नाही. पायात थोडी कमजोरी आहे, इतकेच."

आपाने मान खाली घातली. घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. हा रोग आईकडून येतो असे कोणीतरी सांगितले होते, आणि तेव्हापासून त्याचे नाव उंबऱ्याबाहेर काढावयाचे नाही असा घरात अलिखित नियमच झाला होता. बाईंनी मुलाच्या पोटऱ्या चाचपल्या आणि पुन्हा विचारले, "हा जिना कसा चढतो?" कोणीच बोलेना, तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, त्याला डुशेन आहे. घरी रिपोर्ट आहेत."

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, हे आता सांगितलेत ते बरे झाले. मी जे औषध भरून ठेवले आहे, ते ह्या मुलाला चालत नाही." त्यांनी ती सिरिंज बाजूला ठेवली, वेदना कमी करण्याची व्यवस्था केली, पाय आधार देऊन बांधला आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस मोठ्या रुग्णालयात पाठवले. त्या सिरिंजमध्ये काय होते आणि ते का चालत नव्हते, हे समजून घेण्यास मला पुढे पुष्कळ वाचावे लागले.

भूल म्हणजे तीन कामे

पूर्ण भूल देताना डॉक्टर तीन निरनिराळी कामे करीत असतात. पहिले, रुग्णाची शुद्ध घालवणे. दुसरे, वेदना मेंदूपर्यंत पोहोचू न देणे. आणि तिसरे, आवश्यक तेथे स्नायू सैल करणे, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालता येते व सर्जनला नीट काम करता येते. पूर्वी ही तिन्ही कामे एकाच औषधाकडून करून घेत. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला. पाठोपाठ १८४७ साली क्लोरोफॉर्म आला. आता प्रत्येक कामासाठी वेगळी औषधे आहेत, आणि म्हणूनच निवड करता येते.

ह्या विषयाच्या इतिहासात आपल्या हैदराबाद शहराचे एक पान आहे. क्लोरोफॉर्मने काही रुग्ण अचानक दगावत. मृत्यू श्वास बंद पडल्याने होतो की हृदय बंद पडल्याने, हा त्या काळचा मोठा वाद होता. तो सोडवण्यासाठी १८८८ व १८८९ साली येथे निजाम सरकारच्या खर्चाने दोन 'क्लोरोफॉर्म कमिशने' बसली. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक होते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. याच काळात डॉ. रूपाबाई फर्दुनजी ह्या येथे क्लोरोफॉर्म देत असत. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९११ साली इंग्लंडात लेव्ही ह्यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. श्वासही पाहावयास हवा आणि हृदयही. स्नायुक्षयाच्या रुग्णाच्या बाबतीत तर हे वाक्य अक्षरशः लागू पडते, कारण त्याचा रोग ह्या दोन्ही ठिकाणी जाऊन बसलेला असतो.

रोग काय करतो

डुशेन ह्या फ्रेंच वैद्याने १८६० च्या दशकात ह्या रोगाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याचे नाव रोगाला मिळाले. साधारणपणे ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायूच्या पेशीच्या आवरणाला आतून आधार देणारे डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन असते. ते ह्या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही. भिंतीतील लोखंडी सळ्या काढून घेतल्या तर प्रत्येक हादऱ्याला भिंतीस तडे जातील, तसे प्रत्येक आकुंचनाबरोबर स्नायूचे आवरण थोडे थोडे फाटते. स्नायू झिजतो व त्याच्या जागी चरबी आणि निबर ऊतक येते. पोटऱ्या जाड दिसतात, पण ती ताकद नव्हे. मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते. वयाच्या १२ वर्षांच्या सुमारास चालणे बहुधा थांबते. पुढे पाठीचा कणा वाकतो, छातीचे स्नायू क्षीण होतात, आणि हृदय हाही एक स्नायूच असल्यामुळे त्यालाही झीज लागते.

येथे एक फसवी गोष्ट आहे. हृदय दुर्बळ झालेल्या माणसास जिना चढताना दम लागतो, म्हणून आपण सावध होतो. परंतु जो मुलगा खुर्चीतच बसून असतो, त्याचा दम कोणास दिसणार? त्यामुळे वरवर ठीक दिसणाऱ्या मुलाचे हृदय व फुप्फुसे शस्त्रक्रियेपूर्वी मोजूनच पाहावी लागतात.

जी औषधे टाळतात

त्या रात्री सिरिंजमध्ये होते ते सक्सिनिलकोलीन. १९५० नंतरच्या वर्षांत प्रचारात आलेले हे औषध एका मिनिटात स्नायू सैल करते आणि पाच-दहा मिनिटांत त्याचा अंमल उतरतो. पोट भरलेल्या, तातडीच्या रुग्णास चटकन नळी घालण्यासाठी ते फार उपयोगी आहे. निरोगी माणसात ते आपले काम करून निघून जाते.

ते काम कसे करते? मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, ते स्नायूवरील ठरावीक दारांना लागते, दारे उघडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. सक्सिनिलकोलीन हे त्या द्रव्याचे सोंग घेते. दारे उघडते आणि उघडीच ठेवते, त्यामुळे स्नायू पुन्हा हुकूम ऐकेनासा होतो. दारे उघडी असताना स्नायूतील पोटॅशियम बाहेर रक्तात झिरपते. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ एकक असते. निरोगी माणसात ह्या औषधाने त्यात सुमारे अर्ध्या एककाची भर पडते, ती सहज सोसते. परंतु डुशेनच्या मुलाच्या स्नायूंचे आवरण आधीच तडकलेले असते. तेथून पोटॅशियमचा लोंढाच बाहेर पडतो आणि काही मिनिटांत हृदय थांबू शकते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, निदान न झालेली लहान मुले ह्या औषधाने दगावल्याचे दिसून आले. वरून धडधाकट वाटणारा मुलगा किरकोळ शस्त्रक्रियेसाठी टेबलावर येतो आणि त्याला स्नायुक्षय होता हे नंतर कळते. अशा घटनांमुळे १९९० च्या दशकात अमेरिकेत ह्या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापणे भाग पडले. मुलांमध्ये ते नेहमीसाठी न वापरता, तातडीच्या गरजेपुरतेच राखून ठेवावे, असा त्याचा आशय आहे.

दुसरा गट म्हणजे हुंगवून देण्याच्या वायूंचा: हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन वगैरे. ह्यांनीही डुशेनच्या रुग्णांत स्नायू विरघळून पोटॅशियम वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ह्या वायूंविषयी वैद्यकांत थोडा मतभेद आहे. शिरेतून औषध देणे अशक्य असेल तर थोडा वेळ ते वापरण्यास काहींची हरकत नसते. परंतु टाळता येत असेल तर टाळावे, ह्याकडेच बहुतेकांचा कल आहे.

ह्याच्याशी पुष्कळदा गल्लत होणारी आणखी एक स्थिती आहे, ती म्हणजे घातक ज्वर. काही कुटुंबांत हाच वायू व हेच सक्सिनिलकोलीन दिल्यास स्नायू कडक होतात, अंग भट्टीसारखे तापते आणि जीव धोक्यात येतो. हा दोष डुशेनहून निराळा आहे. 'सेंट्रल कोअर' ह्या स्नायुरोगाशी मात्र त्याचे जवळचे नाते आहे. त्याचा शोध कसा लागला ते पाहण्यासारखे आहे. १९६० साली मेलबर्न येथे पाय मोडलेला २१ वर्षांचा एक तरुण रुग्णालयात आला. त्याला पायाची काळजी नव्हती, भुलेची होती. त्याच्या नात्यातील दहा माणसे ईथरच्या भुलेने गेली होती. ईथर टाळून त्याला हॅलोथेन दिले; त्यानेही प्रकृती बिघडली, पण डॉक्टर आधीच सावध असल्याने तो वाचला. पुढच्या शस्त्रक्रियेस त्याला कण्यातून भूल दिली, ती निर्विघ्न पार पडली. डेनबरो आणि लॉव्हेल ह्या डॉक्टरांनी ही हकीगत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली आणि एक नवा रोग जगाला कळला. त्या तरुणाने घरातील मृत्यू मोकळेपणाने सांगितले नसते तर कदाचित तो अकरावा ठरला असता.

मग काय निवडतात

डुशेनच्या रुग्णास पूर्ण भूल लागलीच तर आज ती बहुधा शिरेतून देतात. प्रोपोफॉलसारखे झोपेचे औषध व वेदनाशामक औषध पंपाने थेंब मोजून सोडतात. भुलेच्या यंत्रात आधीच्या रुग्णाच्या वायूचा अंश राहिलेला असतो, म्हणून नळ्या बदलून व प्राणवायूने यंत्र धुऊन घेतात. स्नायू सैल करावेच लागले तर रोक्युरोनियमसारखे दुसऱ्या जातीचे औषध वापरतात. ते दारे उघडत नाही, नुसती अडवून ठेवते, त्यामुळे पोटॅशियमचा लोंढा येत नाही. मात्र ह्या रुग्णांत त्याचा अंमल फार वेळ टिकतो. म्हणून मात्रा कमी ठेवून, मनगटाजवळ लावलेल्या यंत्राने स्नायूचा प्रतिसाद मोजत राहतात. त्याचा अंमल थेट उतरवणारे सुगामाडेक्स हे औषध युरोपात २००८ पासून उपलब्ध झाले, तेव्हापासून हे काम पुष्कळ सुकर झाले आहे.

हातापायाच्या शस्त्रक्रियेत केवळ तो भाग बधिर केला तर फुप्फुसांवरचा भार टळतो. तथापि तोही सर्वांसाठी रामबाण उपाय नव्हे. कणा वाकलेला असेल तर सुई योग्य जागी जाणे अवघड होते. कण्यातील औषधाचा अंमल वर चढला तर श्वासाचे उरलेसुरले स्नायूही लुळे पडतात. आणि काही रुग्णांना सपाट उताणे निजणेच जमत नाही. अशा वेळी मज्जातंतूशेजारी इंजेक्शन देऊन एकच पाय बधिर करणे आणि जोडीला हलकी भूल, असा मधला मार्ग काढतात. आमच्या मुलाच्या बाबतीत हेच केले.

सर्व स्नायुरोगांना एकच नियम लागू होत नाही, म्हणून रोगाचे नेमके नाव महत्त्वाचे. 'मायोटोनिक डिस्ट्रॉफी'त आवळलेली मूठ लवकर सुटत नाही. तेथे सक्सिनिलकोलीनने जबडा व छाती आवळून बसते. शिवाय ह्या रुग्णांना झोपेची व वेदनाशामक औषधे थोडीही फार होतात, आणि थंडीने हुडहुडी भरली तर स्नायू आखडतात, म्हणून त्यांना उबेत ठेवावे लागते. 'मायस्थेनिया'त पापण्या मिटतात, संध्याकाळी थकवा वाढतो. तेथे सक्सिनिलकोलीन नेहमीहून कमी लागू पडते आणि रोक्युरोनियमच्या जातीची औषधे मात्र फार जास्त लागू पडतात. मज्जातंतूच झिजणाऱ्या रोगांत, उदाहरणार्थ 'एएलएस'मध्ये, सक्सिनिलकोलीन पोटॅशियममुळेच वर्ज्य मानतात. एका रोगात चालणारे दुसऱ्यात चालेलच असे नाही, ते असे.

आधी आणि नंतर

औषध कोणते निवडले ह्याइतकेच आधी काय तपासले आणि नंतर काय सांभाळले ह्यावर यश अवलंबून असते. हृदयाचा आलेख व सोनोग्राफी आधी व्हावयास हवी. फुप्फुसांची क्षमता फुंकून मोजतात. २००७ साली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डुशेनसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यानुसार, ही क्षमता अपेक्षेच्या ५० टक्क्यांहून कमी असेल तर धोका वाढतो व ३० टक्क्यांहून कमी असेल तर तो फार मोठा असतो. अशा रुग्णास श्वासाला जोर देणारा मुखवटा, म्हणजे बायपॅप, लावण्याची सवय शस्त्रक्रियेच्या आधीच करून द्यावी. खोकल्याचा जोरही मोजतात. तो मिनिटास २७० लिटरहून कमी भरला तर कफ बाहेर काढण्याच्या मदतीची तयारी आधीच ठेवावी लागते.

ही मुले पुष्कळदा स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. शस्त्रक्रियेच्या वेळी उलट जादा मात्रा लागू शकते, आणि म्हणून गोळीचे नाव व मात्रा लिहूनच न्यावी. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र अतिदक्षता विभागात काढण्याची तयारी ठेवावी. नळी काढल्यावर नुसता प्राणवायू देऊन भागत नाही. छातीचे स्नायूच दमलेले असल्याने श्वासाला यंत्राचा आधार लागतो. वेदनाही शमवावयास हव्यात, कारण दुखते म्हणून मूल खोकत नाही, आणि खोकत नाही म्हणून कफ साचतो. हे सर्व ज्या रुग्णालयात होऊ शकते तेथेच ठरवून शस्त्रक्रिया करावी. रुग्णालय निवडणे हाही भूल निवडण्याचाच भाग आहे.

लपवू नये

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो. दुलाभाई खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी मुलींच्या काळजीने नाव झाकले आणि त्या झाकण्यात मुलाचा जीव जाऊ शकला असता. आपाच्या मनावर तर निदान झाल्या दिवसापासून अपराधाचे ओझे होते. तिला मी पुढे समजावून सांगितले, तेच येथे सांगतो. डुशेनचा दोष आईच्या गुणसूत्रावरून येऊ शकतो हे खरे. पण सुमारे एकतृतीयांश मुलांत तो आईकडून आलेलाच नसतो, नव्याने उपजतो. आणि आईकडून आला तरी तो तिने निवडलेला नसतो. घरातील स्त्रियांची तपासणी करून घ्यावी ती दोष ठरवण्यासाठी नव्हे. दोष वाहणाऱ्या स्त्रीच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तिची काळजी घेण्यासाठी ती तपासणी असते. आमच्या थोरल्या भाचीचे लग्न पुढे सर्व गोष्टी सांगूनच झाले.

शिक्षकबंधूंना व आयांना एक विनंती. चार-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, उडी मारत नाही, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो, असे दिसले तर त्याला आळशी म्हणू नका. रक्तातील 'सीपीके'ची तपासणी करून घ्यावी. ती कोठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत होते. कोणतीही भूल देण्याआधी हे समजले तर फार मोठा धोका टळतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एका जाड कागदावर मराठीत व इंग्रजीत पुढील गोष्टी लिहून तो कागद नेहमी जवळ ठेवावा: रोगाचे नेमके नाव, टाळावयाच्या औषधांची डॉक्टरांनी सांगितलेली यादी, चालू औषधे, शेवटची हृदय व फुप्फुस तपासणी, नेहमीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी, आणि घरात कोणाला भुलेने त्रास झाला असल्यास ती हकीगत. दात काढावयाचा असला तरी हा कागद दाखवावा. भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ न गाठता काही दिवस आधी भेटावे आणि सर्व सांगावे.

आमच्या मुलाचे हाड जुळले. तो पुन्हा चालू शकला नाही. रोगाचा क्रमच तसा आहे. पण आज तो सतरा वर्षांचा आहे, अकरावीत आहे आणि बुद्धिबळात मला दर रविवारी हरवतो. त्या रात्री अल्लाच्या कृपेने एका बाईंना जिन्याचा प्रश्न सुचला. प्रत्येक इस्पितळात तो सुचेलच, ह्या भरवशावर आपण राहू नये.

ह्या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. वैद्यकीय साहाय्याच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: 'रुग्णास व कुटुंबात आधीपासून असलेले आजार' आणि 'भूलतज्ज्ञांची भेट झाली काय?'. छपाईस फार खर्च येणार नाही, आणि अर्ज भरणारा प्रत्येक जण निदान एकदा त्या प्रश्नापाशी थांबेल.